सासूबाईंचा मोबाइल आणि माझं चुकलेलं गणित

परवा शेजारच्या काकू दारात आल्या. हातात मेथीची जुडी आणि चेहऱ्यावर प्रश्न. म्हणाल्या, "अगं, लेकीनं पैसे पाठवलेत. मोबाइल घे म्हणते. तुझ्या सासूबाईंना घेतलास ना, तसाच घेऊ का?"

मी घाईघाईनं म्हटलं, "नको, नको काकू! तसा तर मुळीच नको. या, बसा. चहा टाकते आणि सगळं सांगते."

चहा दोनदा झाला, मेथी निवडून झाली, तरी माझं सांगणं संपेना. काकू गेल्यावर वाटलं, हे आपल्या सगळ्याच मैत्रिणींना सांगायला हवं. साडी घेताना आपण पोत बघतो, पदर उलगडून बघतो, रंग जाणार नाही ना म्हणून दोनदा विचारतो. कुकर घेताना रबर आणि शिटी बघतो. आणि दहा-पंधरा हजारांचा मोबाइल मात्र दुकानदार देईल तो घेऊन घरी येतो! मीही तेच केलं होतं, आणि त्याचा भुर्दंड माझ्या सासूबाईंना पडला.

भिशीचे पैसे आणि चकचकीत फोन

आम्ही साताऱ्यात राहतो. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. सासूबाई पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी एकट्या असतात. "इथं चला" म्हणून कितीदा विनवलं, पण त्यांना त्यांचा परस, त्यांची गाय आणि त्यांची तुळस सोडवत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी भिशीचा नंबर लागला तेव्हा मी ठरवलं, यंदा स्वतःला काही नको, आईंना चांगला मोबाइल घ्यायचा. नातवाचं तोंड दिसेल, भजनं ऐकतील, आणि आपल्यालाही काळजी नाही.

दुकानात गेलो. विक्रेत्या मुलानं चार फोन मांडले. मी बोट ठेवलं ते कडा वळलेल्या, लखलखीत पडद्याच्या फोनवर. कॅमेऱ्याचा आकडा मोठा, पडदा मोठा, फाइव्ह-जी आहे, आणखी काय हवं? त्या मुलानं मला फसवलं नाही हो. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, एवढंच. आईंच्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या दगडी आहेत, गाव डोंगराच्या कुशीत आहे आणि पावसाळ्यात वीज बेभरवशाची, हे त्याला कुठून कळणार? मला मात्र ठाऊक होतं!

महिनाभरातच आईंची तक्रार सुरू झाली. "अगं, सकाळी भरून ठेवते, दुपारी बघावं तर मेलेला." मी आपली शहाणी! त्यांना म्हटलं, "आई, दिवसभर व्हिडिओ बघत बसलात तर कसा टिकेल तो?" त्या म्हणाल्या, "मी नाही गं बघत एवढं." मी वर आणखी म्हटलं, "फोन खोटं बोलत नाही आई." त्या गप्प बसल्या.

श्रावणातली गोष्ट. पाऊस लागलेला. आई परसात गेल्या आणि शेवाळावरून पाय घसरला. हात टेकला तो मनगटातून मोडला. कनवटीला पिशवीत मोबाइल होता, पण बंद. दीड तास त्या पावसात न्हाणीच्या भिंतीला टेकून बसल्या. दूध न्यायला येणारा मुलगा आला म्हणून बरं. प्लास्टर घातल्यावर मी भेटायला गेले, तर मलाच म्हणतात, "रागावू नकोस हं. मी खरंच व्हिडिओ बघत नव्हते."

त्या रात्री मला झोप आली नाही.

चोर भलताच निघाला

शाळेत आमचे विज्ञानाचे सर आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, फोनलाच विचारा ना वीज कुठे जाते ते." सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' म्हणून जागा असते. तिथे कशाकशाला किती वीज लागली, याची यादी मिळते. आपल्या वाणसामानाच्या वहीसारखी! आईंचा फोन उघडून पाहिला. व्हिडिओच्या नावावर अगदी थोडी वीज. सगळ्यात वर होतं 'मोबाइल नेटवर्क', आणि खालोखाल पडदा.

म्हणजे फोन खोटं बोलत नाही हे माझं म्हणणं बरोबर होतं. मी तो वाचलाच नव्हता.

मग सरांनी मला एकेक गोष्ट समजावली. मी बी.ए. झालेली, मला व्होल्ट-वॅट काय कळणार? पण स्वयंपाकघरातले दाखले दिले की सगळं कळतं. तेच तुम्हाला सांगते.

टाकी मोठी की नळ मोठा?

फोनच्या डब्यावर ५००० एमएएच असं लिहिलेलं असतं. ही झाली बॅटरीची मापं. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी मावतं, तसं. पण टाकी कितीही मोठी असली आणि खाली चार नळ सुटलेले असले, तर पाणी पुरेल का? म्हणून टाकी बघायची आणि नळही बघायचे.

आणि ही टाकी तरी केवढी? ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. आपला ९ वॅटचा एलईडी दिवा तिच्यावर जेमतेम दोन तास चालेल. तेवढ्यात फोन दिवसभर पुरवून खातो, हेच नवल! यातून आणखी एक कळतं. रोज एकदा फोन पूर्ण भरला, तरी महिन्याला एक युनिटही वीज लागत नाही. तेव्हा बिल वाढलं म्हणून मुलांच्या फोनवर रागावू नका, गीझरकडे बघा.

लांबच्या माणसाला हाक

पहिला नळ म्हणजे नेटवर्क. फोन नुसता पडून असला तरी टॉवरशी त्याचं बोलणं चालू असतं. टॉवर जवळ असेल तर कुजबुजून भागतं. लांब असेल, मध्ये डोंगर किंवा जाड भिंत असेल, तर नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं त्याला जोर लावून ओरडावं लागतं. हाक पोचली नाही की पुन्हा शोधाशोध. त्यात बॅटरी खर्ची पडते.

आईंच्या फोनमध्ये दोन सिमकार्डं होती, आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर गावाच्या जवळपासही नव्हता. म्हणजे ते कार्ड दिवसभर ओरडत होतं आणि ऐकायला कोणी नाही! शिवाय फोन फाइव्ह-जीचा. भारतात फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, पण आमच्या त्या कोपऱ्यात ती कधी येते कधी जाते. फोन सारखा एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात उड्या मारत होता.

आम्ही एका रविवारी गावी जाऊन प्रयोगच केला. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात सिमची माहिती उघडली की सिग्नलचा जोर आकड्यात दिसतो. हा आकडा उणे असतो. उणे ८५च्या आसपास असेल तर छान, उणे ११०च्या पलीकडे गेला की दुबळा. माजघरात, जिथे आई फोन ठेवत, तिथे आला उणे ११८. पडवीच्या खिडकीतल्या कोनाड्यात ठेवला तर उणे १०१. दहा पावलांचा फरक! आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनी दुसरं कार्ड बंद केलं, फोन फक्त फोर-जीवर ठेवला आणि मुक्काम कोनाड्यात हलवला. पैसा खर्च झाला नाही, आणि त्याच रात्री झोपताना बॅटरी अर्ध्याच्या आसपास शिल्लक होती.

पडद्याची हौस

दुसरा नळ पडद्याचा. पडदे मुख्यतः दोन जातींचे. एलसीडी पडद्यामागे दिवा असतो. चित्र काळं असो की पांढरं, मागचा दिवा जळतच असतो. ओएलईडी किंवा ॲमोलेड म्हणतात त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, ज्याला 'डार्क मोड' म्हणतात, त्यानं ओएलईडीवर वीज वाचते, एलसीडीवर काही फरक पडत नाही.

किती वाचते? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ साली ओएलईडी फोनांवर हे मोजलं. पडद्याचा उजेड पूर्ण असेल तर डार्क मोडमुळे सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. उजेड ३० ते ५० टक्केच असेल, तर फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे आधीच मंद उजेडात वापरणाऱ्यांना फारसा लाभ नाही. पण आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्या उजेड कायम पूर्ण ठेवत. त्यांच्यासाठी हा उपाय लाखमोलाचा ठरला. अक्षरं मोठी केली, पडदा काळा केला. आई बघून हसल्या. म्हणाल्या, "ही तर पाटीच झाली की गं माझी शाळेतली!"

पडद्याची दुसरी हौस म्हणजे ९० हर्ट्झ, १२० हर्ट्झ. हा आकडा म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं रेखाटलं जातं ते. ६० वेळा रेखाटलं तरी आपलं काही अडत नाही. १२० केलं की बोटानं सरकवताना लोण्यासारखं वाटतं, पण काम दुप्पट, म्हणून वीजही जास्त. खेळ खेळणाऱ्या मुलांना ते हवं असेल. भजन ऐकणाऱ्या आजीला नको. सेटिंग्जमध्ये ६०वर आणता येतं.

शेगडीचा लहान बर्नर

तिसरी गोष्ट प्रोसेसरची. हा फोनचा मेंदू. पण मला तो शेगडीसारखा वाटतो. आपल्या शेगडीला एक मोठा बर्नर आणि एक लहान असतो ना? पुरणाचं पातेलं मोठ्यावर, दूध लहानावर. दूध तापवायला कोणी मोठा बर्नर पेटवत नाही. फोनच्या प्रोसेसरमध्येही काही मोठे आणि काही लहान गाभे असतात. आर्म नावाच्या ब्रिटिश कंपनीनं ही युक्ती २०११ साली जाहीर केली. घड्याळ दाखवणं, गाणं वाजवणं ही कामं लहान गाभा करतो. व्हिडिओ कॉल, खेळ असं काही आलं की मोठा पेटतो.

प्रोसेसरच्या माहितीत ४, ६, १२ नॅनोमीटर असा आकडा असतो. साधारणपणे आकडा जितका लहान, तितकी बनावट नवी आणि तेवढ्याच कामाला वीज कमी. म्हणून बॅटरी सारखीच असली तरी एक फोन रात्रीपर्यंत पुरतो आणि दुसरा संध्याकाळीच मान टाकतो. दुकानात हा एक आकडा जरूर विचारा.

रॅम म्हणजे ओट्यावरची जागा आणि साठवण म्हणजे फडताळ. ओटा अगदीच चिमुकला असेल तर प्रत्येक वस्तू पुन्हापुन्हा फडताळातून काढावी-ठेवावी लागते; वेळ जातो, कष्ट पडतात. फोनचंही तसंच. आणि फडताळ 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी ठासून भरलं, तर फोन मंद होणारच! व्हॉट्सॲपमधलं चित्रं आपोआप उतरवून घेणं बंद ठेवा. निम्मा पसारा कमी होतो.

जुने समज आता सोडा

लिथियम-आयन बॅटरी बाजारात पहिल्यांदा १९९१ साली सोनी कंपनीनं आणली. तिच्या घडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना 'पूर्ण संपू द्या, मगच भरा' हा नियम होता. आपण अजून तोच पाळतो! लिथियम-आयनला तो लागू नाही. उलट ती अगदी शून्यावर आणणं आणि तासन्‌तास पूर्ण भरलेली ठेवणं, दोन्ही तिला मानवत नाही. वीस ते ऐंशीच्या दरम्यान राहिली तर आयुष्य वाढतं. 'नवा फोन आधी आठ तास चार्ज करा' हेही आता विसरायचं.

तिचा खरा शत्रू उष्णता. म्हणून फोन गॅसच्या ओट्यावर, टीव्हीवर, उन्हातल्या खिडकीत ठेवू नका आणि उशीखाली ठेवून तर मुळीच चार्ज करू नका. फार झटपट भरणारे चार्जर सोयीचे खरे, पण त्यानं फोन तापतो. रात्रभर वेळ असेल तर साधा चार्जर उत्तम.

बॅटरी झिजतेच. युरोपीय संघानं तर २० जून २०२५पासून नियमच केलाय की तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा भरून-उतरून झाल्यावरही निदान ८० टक्के ताकद राखून असावी. रोज एकदा धरलं तर दोन वर्षांहून थोडा जास्त काळ झाला. म्हणून तीन वर्षांचा फोन लवकर उतरू लागला तर फोनच टाकू नका. सेवा केंद्रात बॅटरी बदलून मिळते. मात्र बॅटरी फुगून पाठ उचलली गेली असेल तर फोन लगेच बंद करा, दाबू-टोचू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

वीज जाते तिथली तजवीज

ज्या कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, तिच्याच खोऱ्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात दिवे जातात! म्हणून आईंना पॉवर बँक दिली. इथेही आकड्यात फसायला होतं. १०,००० लिहिलेल्या पॉवर बँकेतून ५०००चा फोन दोनदा भरेल असं वाटतं. पण वीज एका दाबावरून दुसऱ्या दाबावर नेताना घट येते. प्रत्यक्ष हाती साधारण ६००० लागतात. त्यावर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून जो बारीक अक्षरातला आकडा असतो, तो खरा.

आणि एक साधा, बटणांचा फोनही त्यांच्या उशाशी ठेवलाय. २००३ साली आलेला टॉर्चवाला नोकिया ११०० आठवतो? त्याची बॅटरी अवघी ८५० एमएएच, तरी दिवसचे दिवस चाले. कारण पडदा इवलासा, आणि इंटरनेट नाही. नळच लहान! बंद केलेलं दुसरं कार्ड काढून टाकलं आणि गावात ज्या कंपनीचा टॉवर चांगला पोचतो, तिचंच आणखी एक कार्ड घेऊन या फोनात घातलं. नातवाचं तोंड बघायला मोठा फोन, अडीअडचणीला हा.

घेण्याआधी एवढं विचारा

काकूंना मी शेवटी कागदावर लिहून दिलं, ते असं:

१. फोन कोण वापरणार, दिवसातून कशासाठी? कॅमेऱ्याचा आकडा त्यानंतर.
२. त्या घरात कोणत्या कंपनीचं नेटवर्क चांगलं येतं? आधी शेजारच्यांना विचारा, मग सिम घ्या.
३. बॅटरी ५००० किंवा अधिक आहे का? प्रोसेसर किती नॅनोमीटरचा?
४. पडदा एलसीडी की ओएलईडी? हर्ट्झ कमी करता येतात का?
५. डब्यात चार्जर आहे का? बरेच फोन आता चार्जरशिवाय मिळतात. तो खर्च धरा, आणि घ्याल तो बीआयएसची खूण बघूनच घ्या.
६. आपल्या गावाजवळ सेवा केंद्र आहे का? बॅटरी बदलायचा खर्च आजच विचारून ठेवा.

आईंचं मनगट आता बरं आहे. थंडीत थोडं दुखतं. फोन दिवसभर टिकतो हे दिसल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, मी तुम्हाला उगीच बोलले." त्या तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "अगं, तुला तरी काय ठाऊक? पण पुढच्या वेळी घेताना मला विचार. वापरायचा मला आहे ना?"

मैत्रिणींनो, सातव्या क्रमांकाला हेच लिहून घ्या. काकूंच्या कागदावर लिहायचं राहून गेलं होतं, म्हणून काल मुद्दाम त्यांच्या दारात जाऊन सांगून आले.